नामशेष झालेल्या महाकाय पक्ष्यांत भारी कोण, हास्टचा गरुड की अर्जेंटाविस?
साइज बघाल तर अर्जेंटाविसच बाप, ६० लाख वर्षांपूर्वी अर्जेंटिनात उडायचा, वजन ७० किलोच्या आसपास, पंख पसरले की ६-७ मीटर, आता एवढं धूड नुसते पंख मारून वर जाणार कसं, म्हणून गिधाडासारखं गरम हवेवर घिरट्या घालत तरंगायचं. न्यूझीलंडचा हास्टचा गरुड त्याच्यापुढे पोरगंच, मादी फार तर १५ किलो, पंख ३ मीटरच्या आतबाहेर. पण शिकारी म्हणाल तर हाच! मोआ नावाच्या, न उडणाऱ्या २०० किलोच्या पक्ष्यावर झडप घालायचा, मोआच्या कमरेच्या हाडात नख्यांची भोकं सापडलीयेत राव. मग माणसं आली, त्यांनी मोआ खाऊन संपवले आणि १४०० च्या सुमारास हा पण गेला. माझं मत हास्टवाल्यालाच.