डाउन पेमेंट नाही: गावाकडचं यूएसडीए कर्ज घ्यावं की उपनगरातलं एफएचए?

अमेरिकेत पहिलं घर घेताना बहुतेकांचं घोडं डाउन पेमेंटपाशी अडतं. भाडं आणि डे-केअरची फी भरल्यावर शिल्लक ती किती राहणार? अशांसाठी कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, हमीवर मिळणारं ग्रामीण गृहकर्ज खरोखर कामाचं आहे. पण सगळ्यांनाच नाही.

आधी स्टेटस. यूएसडीएला साधारणपणे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बीवाल्यांना ते मिळत नाही, आणि मे २०२५च्या अखेरीपासून एफएचएही, म्हणजे फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनच्या विम्यावर मिळणारं कर्जही, मिळत नाही. त्यांनी थेट कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जाची चौकशी करावी.

आता पैशांचं बघू. घर ३ लाख डॉलरचं धरा. यूएसडीएत डाउन पेमेंट शून्य. हमी शुल्क १ टक्का, म्हणजे ३,००० डॉलरच्या आसपास, आणि तेही कर्जातच घालता येतं. शिवाय दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के, सुरुवातीला महिन्याला ८८ डॉलर. एफएचएत साडेतीन टक्के, म्हणजे १०,५०० डॉलर आधी हवेत. त्यावर १.७५ टक्के सुरुवातीचा कर्जविमा (कर्ज बुडालं तर लेंडरच्या संरक्षणासाठीचा) आणि साधारण ०.५५ टक्के वार्षिक, महिन्याला १३३ डॉलर. इतकं कमी डाउन पेमेंट असेल तर हे वार्षिक शुल्क दोन्हींकडे कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. कन्व्हेन्शनलमध्ये मात्र २० टक्के मालकी झाली की विमा काढून टाकायची मागणी करता येते. क्लोजिंग कॉस्ट, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाची फी आणि खर्च, शून्य डाउन पेमेंटमध्ये येत नाही, ती वेगळी ठेवा.

खरी मेख उत्पन्नात आहे. एफएचएला कमाल मर्यादा नाही. यूएसडीएला आहे: २०२५मध्ये बऱ्याच काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला १,१९,८५० डॉलर, महागड्या भागांत जास्त. कर्जावर सही एकाचीच असली तरी घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची कमाई धरली जाते. दोघंही आयटीत असाल तर बहुधा इथेच विषय संपतो. पण एकजण कमावता, किंवा एक नर्स आणि दुसरा शिक्षक, अशा घरांनी सोडू नये. लहान मुलांच्या डे-केअरचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. आई-बाबा ग्रीन कार्डवर कायमचे सोबत राहत असतील आणि माणसं पाच झाली, तर मर्यादा दीड लाखाच्या वर जाते. हे लेंडरला आपणहून विचारा.

‘ग्रामीण’ म्हणजे अख्खी काउंटी नव्हे. एकाच रस्त्याच्या अलीकडचं घर बसतं, पलीकडचं बसत नाही. यूएसडीएच्या नकाशावर नेमका पत्ता टाकूनच बघावं.

आणि तिथे राहणं? नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण घेऊ. नोकरी रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या परिसरात, घर चॅथम काउंटीत पिट्सबरोच्या बाजूला. जाऊन-येऊन साठेक मैल. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, २०२५साठी धरलेल्या मैलाला ७० सेंट दराने महिन्याच्या वीस फेऱ्यांचे ८४० डॉलर होतात. वरच्या दोन शुल्कांतला महिन्याचा फरक होता ४५ डॉलरचा! म्हणून मला वाटतं, रोज ऑफिसला जावं लागणाऱ्याने गावाकडचं घर निदान तेवढ्या फरकाने स्वस्त पडतंय का, हे आधी मांडून बघावं. घरून काम असेल, किंवा नोकरीच त्या काउंटीतल्या शाळेत-दवाखान्यात असेल, तर पारडं सरळ यूएसडीएकडे झुकतं.

घर बघायला गेलात की नळ उघडून विचारा: पाणी कुठून येतं? खाजगी विहीर म्हणजे बोअर असेल, तर यूएसडीए कर्जासाठी पाण्याची तपासणी लागतेच, आणि पुढेही दरवर्षी आपली आपणच करायची. सांडपाण्याला सेप्टिक टाकी असेल, तर ती तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. टाकीचं झाकण कुठे आहे आणि शेवटची कधी उपसली, हे विक्रेत्याला सांगता आलं नाही तर सावध व्हा. ऑफरमध्ये विहीर आणि सेप्टिक दोन्हींच्या तपासणीची अट घाला. इंटरनेट कंपनीलाही त्याच पत्त्यावरून स्वतः फोन करा, शेजारच्या घरापर्यंत केबल आहे म्हणून तुमच्याकडे असेलच असं नाही.