स्टोरीवीव्हर: खेड्यातल्या घरासाठी गोष्टींचा फुकट साठा

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचं हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. मराठी चित्रकथा भरपूर आहेत, वाचायला पैसे लागत नाहीत. परवाना खुला असल्यामुळे छापून वाटल्या तरी चालतं.

गोष्टींचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तरात साधारण अडीचशेपर्यंत शब्द असतात, पण स्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनुवादित गोष्टींत पहिल्याच पानावर जोडाक्षरं येतात आणि नुकतं काना-मात्रा शिकलेलं पोर तिथंच अडतं. आधी स्वतः वाचा, मगच निवडा.

मेळघाटासारख्या भागात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून तालुक्याला गेल्यावर पाच-सहा पीडीएफ उतरवून ठेवा. मोबाईल आडवा धरा. पहिल्यांदा तुम्ही ओळीखाली बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग एकटं पोर. अडलं तर मनात पाच अंक मोजून शब्द सांगून टाका. अक्षर-अक्षर फोडायला लावलं की गोष्टीची गंमतच जाते. आजीला वाचता येत नसेल तर चित्रं पाहून तिनं गोष्ट वऱ्हाडीत सांगावी. पुस्तकातली भाषा प्रमाण आहे, त्यामुळे हे फारच उपयोगी पडतं.

छापायचं तर ए-फोर कागदावर, एका बाजूला दोन पानं. गडद चित्रं झेरॉक्समध्ये काळीभोर होतात, म्हणून रेघांची चित्रं असलेल्या गोष्टी घ्या. पिना बोटाला लागतात, सुई-दोऱ्यानं शिवा.

चौथ्या स्तराच्या लांब गोष्टी मात्र मोबाईलवर नकोच, छापूनच द्या.