घरी बांधलेले टू-वे स्पीकर : काही महिने ऐकल्यानंतर

खालच्या आवाजासाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या आवाजासाठी २५ मिमीचा सॉफ्ट डोम ट्वीटर, १८ मिमी एमडीएफचा साधारण १२ लिटरचा बंद खोका. जोडी काही महिने रोज वाजते आहे. या काळात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल, तर क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, खोक्यात न बसवता बाहेर एका फळीवर ठेवण्याचा. स्पीकर घरी बांधण्यातला खरा फायदा मला तिथेच मिळाला.

विकतचा स्पीकर कुठल्या खोलीत जाणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं : मागची भिंत वीतभर अंतरावर. वरच्या पट्टीतला आवाज खोक्याच्या समोरच्या फळीमुळे पुढेच फेकला जातो. खालचा आवाज मात्र खोक्याला वळसा घालून मागेही पसरतो. मोकळ्या जागेत त्यामुळे समोर बसणाऱ्याला खालची पट्टी ६ डेसिबलपर्यंत कमी मिळते. २० सेंमी रुंद फळीला ही उतरण ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास पडते. याला बॅफल स्टेप म्हणतात. भरपाई म्हणून क्रॉसओव्हरमध्ये वूफरच्या वाटेतली कॉइल मोठी घेतात आणि मधली पट्टी खाली ओढतात. पण भिंत जवळ असली की मागे गेलेला खर्ज ती परत पाठवते, मग पूर्ण भरपाई जड वाटते.

सुरुवातीला ही भरपाई ५ डेसिबलच्या घरात ठेवली होती. क्रॉसओव्हर बाहेरच होता, म्हणून काही आठवडे ऐकून ती ३ वर आणता आली. लहान कॉइल लावली की मधली पट्टी वर येते, म्हणून ट्वीटरही वर घ्यावा लागतो. त्याच्या वाटेतला ३.९ ओहमचा रेझिस्टर काढून १.५ चा घातला. ८ ओहमच्या ट्वीटरला त्यातून साधारण २ डेसिबल मिळतात. आकडा लहान दिसतो, कानाला मात्र मोठा फरक पडतो. डग्ग्यावर मनगट सरकताना चढत जाणारा स्वर आता वेगळा उमटतो, गाणाऱ्याच्या आवाजावर चढून बसत नाही. ते पहिल्यांदा ऐकलं त्या संध्याकाळी दुसरं काहीच केलं नाही.

कॉइल बदलली की दोन्ही ड्रायव्हरचं, म्हणजे वूफर आणि ट्वीटरचं, जुळणं पुन्हा तपासावं लागतं. लिंकविट्झ आणि रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या चौथ्या क्रमाच्या, म्हणजे तीव्र उताराच्या, जोडणीत क्रॉसओव्हरच्या बिंदूवर (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो) दोन्ही ड्रायव्हर प्रत्येकी ६ डेसिबल खाली, पण एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लहरी बरोबरीने चढतात-उतरतात. तपासणी सोपी : ट्वीटरच्या तारा उलट जोडायच्या आणि मापनाचा माइक लावून आलेख काढायचा. त्या बिंदूवर खोल खड्डा दिसला, तर सरळ जोडणी बरोबर आहे. हे काम कानावर सोडू नये.

बंद खोका घेतल्याचं समाधान आहे. पोर्ट (हवेसाठी ठेवलेली नळी) असलेल्या खोक्यात पोर्ट ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो त्याखाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, बंद खोक्यात तो १२ नेच उतरतो आणि भिंत ते बरंचसं सावरते. खोका हवाबंद आहे का, हे वूफर हलकेच आत दाबून कळतं. तो सावकाश परत आला पाहिजे. मी स्क्रूखाली गॅस्केट टेप लावली आहे आणि आत लोकर सैलसर भरली आहे.

उणिवाही सांगतो. ६० हर्ट्झखाली फार अपेक्षा ठेवू नये, आणि लहान खोका व भरपाई मिळून संवेदनशीलता कमी होते, म्हणजे तेवढ्याच शक्तीत आवाज कमी निघतो आणि अॅम्प्लिफायर दमदार लागतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पिऊन टाकतात; आधी पातळ केलेला गोंद लावून घासून घ्याव्यात, आणि कापताना मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते. शिवाय ४ मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झला येणारी गुंज कुठलाच क्रॉसओव्हर घालवत नाही, बसायची जागाच पुढे-मागे करावी लागते.

नव्याने सुरू करणाऱ्याने आलेखांसह उपलब्ध असलेलं सिद्ध डिझाइन घ्यावं, ड्रायव्हर तेच वापरावेत आणि फळीची रुंदी बदलू नये. क्रॉसओव्हर मात्र निदान वर्षभर बाहेर ठेवावा, आणि प्रत्येक बदलाआधीचं मापन तारखेसह जपून ठेवावं.