दंडावरचं बीपी मशीन: आधी पट्टा बघा

दीड ते अडीच हजारांत मिळणारं साधं डिजिटल बीपी मशीन हृदयविकाराच्या पेशंटच्या घरात असावंच. पण बेळगावचा खडेबाजार असो की खानापूर-निपाणीतलं मेडिकल, खोक्यातून निघतो तो पट्टा बहुधा मधल्या मापाचा, म्हणजे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. तालमीत कमावलेला दंड त्यात मावत नाही, आणि नुसताच सुटलेलाही नाही. पट्टा ओढूनताणून बसवला की धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि बीपी नसताना आकडा चढतो. उलट बारीक हाताच्या आजींना मोठा पट्टा लावला तर तो कमी दाखवतो. म्हणून दुकानात जाण्याआधी शिंप्याच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये घेर मोजा. ३२ च्या वर भरला तर मोठा पट्टा मागवायला सांगा. मनगटावरचं मशीन छान दिसतं, पण मनगट छातीच्या पातळीला धरलं नाही तर फसवतं: हात १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा साधारण ८ नं वाढतो.

हे मशीन डॉक्टरांसारखे ठोके ऐकत नाही. पट्ट्यात उठणारी धमनीची थरथर टिपतं. थरथर सगळ्यात जास्त होते तो सरासरी दाब धरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या सूत्रानं काढतं. त्यामुळे नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात तो आजार), लागोपाठचे आकडे इकडेतिकडे उडतात. तिथे तीन वेळा मोजून सरासरी धरायची. स्क्रीनवर अनियमित ठोक्यांची खूण आली म्हणजे निदान झालं असं नाही. ईसीजी काढायला सांगणारा तो इशारा आहे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखूचा बार नको. लघवीला जाऊन यावं. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला, मांडी किंवा तंगडीवर तंगडी नाही. बाजेवर पाय लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा धरू नका. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या वर दोन बोटं, नळी आतल्या बाजूनं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. बाही वर गुंडाळून आवळली तर तीच दुसरा पट्टा होते. आणि हवा भरत असताना घरातलं कोणी "किती आलं गं?" विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, बोलण्यानंही आकडा वाढतो.

सकाळी गोळ्या आणि न्याहारीच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. असं ७ दिवस करून पहिला दिवस सोडायचा आणि बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवायची. बीपी जास्त म्हणायची दवाखान्यातली १४०/९० ची रेघ घरी १३५/८५ वर येते. वहीत आकडे इंग्रजी अंकांत लिहा: घाईतला मराठी १ कानडी वाचणाऱ्या डॉक्टरांना इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ आठासारखा.

२०१५ च्या अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासात ९,३६१ जणांमध्ये वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचं ध्येय ठेवल्यावर हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात वगैरे सुमारे २५ टक्क्यांनी घटले. मधुमेही त्यात नव्हते. आणि तिथे बीपी मोजलं जायचं ते ५ मिनिटं शांत बसवून, अशाच स्वयंचलित मशीननं. जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या १४८ ला ते १२० लावून गोळी वाढवायला धावू नये. गोळीची वेळही मनानं बदलायला नको: २०२२ च्या ब्रिटनमधल्या टाइम अभ्यासात २१ हजारांवर पेशंटांमध्ये सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळीत फरक आढळला नाही.

मशीनच्या कुरबुरी ठरलेल्या. चार पेन्सिल सेल उतरले की पंप घरघरतो आणि मध्येच एरर येतो. नळी पट्ट्याच्या सांध्यापाशी तडकते, म्हणून गुंडाळताना तिथे मुरड घालू नका. खानापूरकडच्या पावसाळ्यात सेल आतच राहिले तर पाझरून पत्रे हिरवे पडतात. काही स्वस्त मॉडेलं एकच रीडिंग लक्षात ठेवतात. नवरा-बायको दोघं पेशंट असतील तर दोन जणांची मेमरी असलेलं घ्या. ब्लूटूथसाठी जादा पैसे मोजू नका, वही पुरते. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी आळीपाळीनं ताडून बघा. ५ पर्यंतचा फरक चालतो.

एका कामाला मात्र हे मशीन बिलकूल उपयोगाचं नाही. छातीत कळ, घाम, धाप लागली असताना पट्टा गुंडाळत बसू नका. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये बीपी नॉर्मलही असतं. सरळ १०८.