काशीतला हिवाळी मुक्काम: ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या घरगुती खोल्या

काशीला जायचं ठरलं की मुक्काम शोधला जातो तो गोदौलिया-दशाश्वमेधाच्या आसपास, नाहीतर अस्सीला. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन रात्रींसाठी जाणार असाल तर मणिकर्णिका या स्मशानघाटाच्या उत्तरेकडचा पट्टा, म्हणजे रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, या दोन्हींपेक्षा सरस आहे. इथे हॉटेलं कमी आणि राहती घरं जास्त. त्यातल्या अनेक घरांत वरच्या मजल्यावरच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दशाश्वमेधचा कलकलाट इथे पोचत नाही आणि विश्वनाथाचं देऊळ तरीही चालत गाठता येतं. मात्र खोली निवडताना नदी किती दिसते ते नंतर बघा, ऊन किती येतं ते आधी बघा.

काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं, पण दुपारनंतर मागच्या उंच इमारतींची सावली घाटावर उतरते आणि नदीकडच्या खोल्या गार पडतात. ‘गंगा व्ह्यू’चे जादा पैसे भरून संध्याकाळी कुडकुडत बसण्यापेक्षा आतल्या गल्लीतलं, पण मोकळी गच्ची असलेलं घर घ्यावं. जुन्या बनारसी घराची रचना एका मधल्या चौकाभोवती असते. भिंती जाड, जिने अरुंद आणि चढे, तळमजल्याच्या फरशीला हिवाळाभर ऊन लागत नाही. जूनमध्ये जी खोली सुखाची वाटते तीच जानेवारीत बर्फासारखी होते. किमान तापमान ६ ते १० अंशांच्या दरम्यान असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं; खरा त्रास देतं ते दाट धुक्याच्या दिवशीचं कमाल तापमान. सूर्य दिसलाच नाही तर दुपारीही पारा १५-१६ च्या पुढे जात नाही. म्हणून सर्वात वरची, गच्चीला लागून असलेली खोली मागावी. चढायला तीन मजले लागतील, पण दुपारी अकरा ते तीन अंग शेकायला जागा मिळेल. गच्चीवर माकडांची जाळी आहे का तेही विचारा; नसेल तर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा जागेवर सापडत नाही.

फोनवर बोलताना ‘गरम पाणी आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नये, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. गीझर १५ लिटरचा की ३ लिटरचा, ते विचारा. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरमधून जानेवारीत जे पाणी येतं त्याने बादली भरेपर्यंत ते कोमट होऊन जातं. गॅसचा गीझर असेल तर न्हाणीघराला झरोका आहे याची खात्री करा. खोलीत हीटर देणार का, आणि तो लावायला जाड पिनांचं १६ अँपियरचं सॉकेट आहे का? जुन्या घरांत बऱ्याचदा दिव्या-पंख्याच्या वायरीवरून काढलेलं बारीक सॉकेट असतं. त्यावर २००० वॉटचा हीटर चालत नाही, चालवला तर वायर तापते. गीझर आणि हीटर एकदम सुरू केले की एमसीबी पडते, तेव्हा आधी आंघोळी उरकाव्यात, मग हीटर लावावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतात, हीटर नाही. त्यामुळे माणशी एक जाड रजई, शिवाय एक जादा, एवढं आधीच सांगून ठेवावं.

एका बाबतीत संकोच करू नका. थंडीत घरोघरी बोरसी, म्हणजे कोळशाची किंवा गोवऱ्यांची शेगडी, पेटवतात आणि यजमान मायेने ती पाहुण्यांच्या खोलीतही आणून ठेवतात. अंगणात, गच्चीत तिच्याभोवती खुशाल बसा, पण दार लावून झोपताना ती खोलीत नको. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी माणसं दगावतात.

आता पोचायचं कसं. मुंबईहून महानगरी आणि कामायनी, पुण्याहून ज्ञानगंगा. महानगरी मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख नीट वाचा. एका दिवसाच्या फरकाने गाडी चुकवणारे कमी नाहीत. मुख्य स्टेशनं तीन आहेत: वाराणसी जंक्शन (सगळे ‘कँट’ म्हणतात), बनारस (पूर्वीचं मंडुआडीह) आणि गंगेपलीकडचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुघलसराय. यजमानांना नेमकं कुठलं ते कळवा. धुक्यात गाड्यांना चार-सहा तास उशीर होणं नित्याचंच आहे, म्हणून पोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नका आणि परतीच्या गाडीला जोडून दुसरं बुकिंग करू नका. विमानाने जाणार असाल तर दुपारचं घ्या. बाबतपूरला सकाळची विमानं धुक्यामुळे रखडतात किंवा दुसरीकडे वळवली जातात.

दारापर्यंत गाडी येत नाही. कँटहून ई-रिक्षाने मैदागिन किंवा मच्छोदरी गाठायची, तिथून पुढे दहा-पंधरा मिनिटं पायी. दगडी फरशांवर चाकांची बॅग ओढत नेणं म्हणजे चाकं मोडून घेणं. पाठीवरची पिशवी आणावी. गल्ल्यांमध्ये मोबाइलचा नकाशा भरकटतो, तेव्हा घराच्या पत्त्यापेक्षा जवळचं देऊळ कुठलं हे विचारून ठेवा. ‘बिंदुमाधव किधर?’ म्हटलं की शेंबडं पोरही वाट दाखवतं. पहिल्या दिवशी यजमानांच्या घरातलं कोणीतरी मैदागिनला घ्यायला येईल असं ठरवलं तर सगळ्यात बरं.

मराठी माणसाला हा भाग जवळचा वाटण्यामागे कारणं आहेत. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत आणि काही घरांत आजही मराठी बोलली जाते, हिंदीचा हेल असलेली. अशा घरात ‘काका-काकू’ म्हटलं की निम्मा परकेपणा सरतो. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, पंचगंगेवरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा, भोसले घाट नागपूरकरांचा. बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करत. हे सगळं घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. नळ-गीझरच्या तक्रारी सोसूनही इथेच राहावं असं म्हणण्याचं मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण जेवण. हिवाळ्यात या बाजूला कोवळा मटार उतरतो आणि घराघरांत चूडा-मटार होतो: भिजवलेले पोहे आणि मटार तुपात, आलं-मिरचीवर परतलेले. आपल्या पोह्यांशी तुलना करत बसू नका, चव पूर्ण वेगळी आहे. वाटलेल्या मटाराचा निमोना भाताबरोबर मागा. संक्रांतीला तिकडे ‘खिचडी’ म्हणतात आणि त्या दिवशी घरात खिचडीच असते. तिळगूळ न्यायचा तर आपल्याबरोबर न्या, आनंदाने घेतात. रात्रीचं जेवण हवं असेल तर सकाळीच सांगावं. ऐनवेळी विचारलं तर साधी पोळी-भाजी मिळते, त्यात यजमानांचा दोष नाही.

नाश्ता मात्र बाहेर करा. ठठेरी बाजार आणि चौखंबा इथून चालत जवळ आहेत. कचोरी-जिलबी सकाळी गरम असते तेव्हाच खावी. मलइयो फक्त थंडीत मिळतं: आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वर येणारा केशर-वेलचीचा फेस कुल्हडमध्ये भरून देतात. ऊन चढलं की तो फेस बसतो, म्हणून दहाच्या आत पोचा. दुपारी किंवा उन्हाळ्यात कोणी ‘मलइयो’ म्हणून काही विकत असेल तर ते घेऊ नका. फेस संपल्यावर त्याच कुल्हडमध्ये वरून गोड दूध ओततात, ते सोडू नका.

दिवस आखताना लक्षात घ्या की काशी मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. सारनाथ दहा किलोमीटरवर आहे, तिथे सकाळी साडेदहाला पोचलात तर धुकं विरलेलं असतं; शुक्रवारी मात्र तिथलं संग्रहालय बंद असतं आणि अशोकाचा सिंहस्तंभशीर्ष आतच आहे. सूर्योदयाची नाव आदल्या रात्री आगाऊ पैसे देऊन ठरवू नका. दाट धुक्यात नावा सोडत नाहीत आणि सोडल्या तरी दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही. घाटावरून पायी जा: हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, पावसाळ्यातला गाळ धुऊन काढलेला असतो आणि पंचगंगेपासून दशाश्वमेधपर्यंत वाट सलग मिळते. मणिकर्णिकेवर फोटो काढू नका. ‘गरिबांच्या लाकडासाठी’ म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांना काही न देता पुढे चला. विश्वनाथाला जाताना फोन घरीच ठेवा, आत नेऊ देत नाहीत. लॉकरच्या रांगेतली वेळ वाचते. पायांत मोजे घालून देवळात गेलं की ओल्या फरशीवर ते भिजतात आणि धुक्यात वाळत नाहीत. दिवसाला दोन जोड धरा.

कधी जावं? देवदिवाळीला (ती तिकडे कार्तिक पौर्णिमेला असते) दर कितीतरी पटींनी चढतात. ३१ डिसेंबर-१ जानेवारीला विश्वनाथाची रांग आवरत नाही. मौनी अमावास्येच्या (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या मोठ्या स्नानपर्वाच्या) आगेमागे प्रयागची गर्दी इकडे वळते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सर्वात चांगला: थंडी बेताची, मटार आणि मलइयो दोन्ही सुरू, धुकं अजून रोजचं झालेलं नसतं.

गुडघे दुखत असतील तर ही घरं घेऊ नका. घराचा जिना, घाटाच्या पायऱ्या आणि गल्लीची चाल, तिन्ही रोज लागतात. अशांना अस्सीकडे लिफ्टची इमारत बरी. दम्याच्या रुग्णांनीही जानेवारी टाळावा, धुक्यात धूर मिसळलेला असतो. परदेशी पासपोर्ट असलेल्यांनी, म्हणजे तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी, यजमान परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरतात का हे आधी विचारावं. परदेशी पाहुण्याची ही नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते आणि नोंदणी नसलेली घरं त्यांना ठेवू शकत नाहीत. फोनवर ‘बघू, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर दुसरं घर शोधा.