चढं यील्ड की वाढता लाभांश?

एका शेअरचं डिव्हिडंड यील्ड ८ टक्के, दुसऱ्याचं जेमतेम २. पहिला लगेच डोळ्यांत भरतो. पण यील्ड म्हणजे वर्षभराचा लाभांश (डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना देते ती रक्कम) भागिले शेअरचा आजचा भाव. लाभांश ४ रुपयांवरच राहिला आणि भाव १०० रुपयांवरून ५० वर घसरला, तरी यील्ड ४ टक्क्यांचं ८ टक्के होतं. कंपनीने जास्त काहीच दिलेलं नसतं! एकदाच मिळालेला विशेष लाभांशही हा आकडा फुगवतो.

दुसऱ्याचा इतिहास बघा. लाभांश दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत गेला, तर साधारण ७ वर्षांत दुप्पट, म्हणजे तुमच्या खरेदीभावावर ४ टक्के. मंदीतही कपात झाली नसेल, तर मी हाच घेईन. उत्पन्न आत्ताच हवं असेल तर पहिलाही चालेल, पण लाभांश नफ्यातून आरामात निघत असेल तरच.