जुन्या लॅपटॉपवर अँड्रॉइड : सात महिन्यांनंतर

२०११ सालचा लॅपटॉप. आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. बॅटरी केव्हाच मेलेली, आणि विंडोज १० उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही व्हायचा. भंगारवाल्याने तीनशे रुपये सांगितले तेव्हा डोकं फिरलं आणि त्यावर अँड्रॉइड टाकायचं ठरवलं.

टाकलं अँड्रॉइड-एक्स८६ ९.०-आर२, म्हणजे कॉम्प्युटरवर चालेल असं केलेलं अँड्रॉइड. रुफस नावाच्या प्रोग्रामने त्याची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर चढवली. इन्स्टॉल न करता आधी चालवून बघता येतं, ते जरूर करा. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का हे तिथेच कळतं. माझं सगळं चाललं, म्हणून अख्खी डिस्क पुसून ईएक्सटी-४ पद्धतीने (लिनक्स-अँड्रॉइडला चालणाऱ्या) फॉरमॅट करून मोकळा झालो. अडलं पुढेच. पहिल्या सेटअपमध्ये अपडेट तपासताना चक्र पाऊण तास गरगरत राहिलं. शेवटी रीस्टार्ट करून वायफायची पायरीच सोडून दिली, आत गेल्यावर जोडलं.

आता तो स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला असतो, आईच्या ताब्यात. यूट्यूबवर सकाळी कीर्तन, दुपारी रेसिप्या. माउसचं उजवं बटण म्हणजे 'मागे', हे तिला एका दिवसात जमलं. विंडोज मात्र दहा वर्षांत जमलं नव्हतं.

खोडी आहेत. फक्त उभी चालणारी अॅप उघडली की अख्खा स्क्रीन फिरून कुशीवर पडतो. पहिल्यांदा आई मान वाकडी करून म्हणाली, "अरे, हा झोपला बघ!" स्क्रीन जबरदस्तीने आडव्या मांडणीत ठेवणारं एक छोटं अॅप टाकल्यावर ते थांबलं, पण अशा उभ्या अॅपमधली काही बटणं कडेला कापली जातात. झाकण मिटून उघडलं की नुसता काळा पडदा यायचा, म्हणून टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) स्लीपच बंद करून टाकली. फोनच्या एआरएम चिपसाठी बनलेली अॅप सेटिंगमधला नेटिव्ह ब्रिज (ती अॅप लॅपटॉपच्या चिपवर चालवणारा दुभाषा) चालू केल्यावर उघडतात, पण रखडत. माझं बँकेचं अॅप तर उघडलंच नाही, आणि ते बरंच झालं. ही आवृत्ती २०२० ची, आतलं अँड्रॉइड २०१८ चं. त्यावर पैशांचे व्यवहार कोण करणार? आईसाठी वेगळं गूगल खातं काढून दिलंय, त्यात काहीच महत्त्वाचं नाही.

बॅटरी नसल्याने लाइट गेली की मशीन धाडकन बंद. असं आठ-दहा वेळा झालं असेल, अजून काही बिघडलेलं नाही.

ऑफिसचं काम करायचं असेल तर या वाटेला जाऊ नका, सरळ लिनक्स मिंट टाका, ती कॉम्प्युटरसाठीचीच फुकट सिस्टीम आहे. मी दोनदा एक्सेलची फाइल उघडून बघितली आणि हात जोडले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही : लॅपटॉपच्या कीबोर्डवरून मराठी. जीबोर्डचं (गूगलच्या कीबोर्ड अॅपचं) मराठी स्क्रीनवरच्या कळांवर ठीक चालतं, खऱ्या कळा दाबल्या की इंग्रजीच उमटतं. आई बोलून शोधते. मिक्सर चालू नसला तर बरोबर ऐकतो.